मलेरियाची गोळी लागू पडेल का? उत्तर परजीवीच्या जनुकात

१९९३ साली आफ्रिकेतल्या मलावी या देशाने मलेरियासाठी क्लोरोक्विन द्यायचं थांबवलं. गोळी लागूच पडत नव्हती. ताप उतरल्यासारखा वाटायचा आणि काही दिवसांनी मूल पुन्हा फणफणायचं. क्लोरोक्विनच्या जागी सल्फाडॉक्सिन आणि पायरीमेथामिन या दोन औषधांची जोडगोळी आली. तिला सगळीकडे एसपी म्हणतात.

बारा वर्षांनी, २००५ मध्ये, मलावीतल्याच ब्लांटायर शहरात संशोधकांनी मलेरिया झालेल्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला एसपी दिलं आणि दुसऱ्याला तेच टाकून दिलेलं क्लोरोक्विन. एसपी घेतलेल्या ८७ मुलांपैकी ७१ जणांत उपचार फसला. क्लोरोक्विन घेतलेल्या ८० मुलांपैकी फक्त एकात फसला.

निकामी ठरलेलं औषध आजारी मुलांना पुन्हा देऊन बघायची हिंमत आली कुठून? परजीवीच्या, म्हणजे मलेरियाच्या जंतूच्या, जनुकांतून. क्लोरोक्विनला दाद न देणाऱ्या परजीवीत एक ठरावीक खूण असते हे तोवर कळलं होतं. १९९२ च्या नमुन्यांत ही खूण ८५ टक्के परजीवींमध्ये होती. २००० मध्ये ती १३ टक्क्यांवर आली आणि २००१ मध्ये तपासलेल्या नमुन्यांत ती सापडलीच नाही. औषध पुन्हा चालेल ही बातमी परजीवींनी रुग्णांच्या आधी दिली होती. ही खूण म्हणजे नेमकं काय, ती कशी शोधतात आणि तिच्यावर किती भरवसा ठेवावा, याविषयी हा लेख आहे.

मलेरियाच्या परजीवींतला सर्वांत घातक म्हणजे प्लास्मोडियम फॅल्सिपेरम. तो आपल्या लाल पेशीत शिरतो आणि तिच्यातलं हिमोग्लोबिन खातो. हे पचवण्यासाठी त्याच्या पोटात एक छोटी पोकळी असते. हिमोग्लोबिन पचताना हीम नावाचा लोह असलेला भाग सुटा होतो आणि तो परजीवीलाच विषारी असतो. म्हणून परजीवी त्याचे निरुपद्रवी बारीक खडे करून ठेवतो. क्लोरोक्विन नेमकं इथे आडवं येतं. ते त्या पोकळीत साचतं आणि खडे तयारच होऊ देत नाही. मोकळं हीम वाढत जातं आणि परजीवी स्वतःच्या जेवणानेच मरतो.

या पोकळीच्या भिंतीत पीएफसीआरटी नावाचं एक प्रथिन असतं. ४२४ अमिनो आम्लांची ही साखळी. तिच्यात ७६ व्या जागी मूळ परजीवीत लायसिन असतं, तर क्लोरोक्विनला न जुमानणाऱ्या परजीवीत तिथे थ्रिओनिन आलेलं असतं. डीएनएत पाहिलं तर तीन अक्षरांपैकी फक्त मधलं बदललेलं असतं: एएए होतं, ते एसीए झालं. या आणि आजूबाजूच्या काही बदलांमुळे प्रथिनाचा आकार असा होतो की पोकळीत शिरलेलं क्लोरोक्विन त्यातून बाहेर जायला लागतं. होडीत शिरणारं पाणी कुणी सतत उपसून टाकत राहावं आणि होडी बुडूच नये, तसं. औषध पोटात जातं, रक्तातही पोचतं, फक्त जिथे साचायला हवं तिथे साचत नाही. संशोधक या खुणेला के७६टी म्हणतात: लायसिनचं लघुरूप, जागेचा क्रमांक, थ्रिओनिनचं लघुरूप. २००० साली हे जनुक आणि ही खूण निश्चित झाली. तोवर क्लोरोक्विन दगा का देतं याविषयी चाळीस वर्षं नुसते तर्क चालले होते.

इथे एक समज दूर करायला हवा. औषधामुळे परजीवी ‘बदलतो’ असं आपण बोलून जातो, पण औषध बदल घडवत नाही. एका आजारी माणसाच्या शरीरात अब्जावधी परजीवी असतात आणि साधारण दर ४८ तासांनी त्यांची नवी पिढी तयार होते. इतक्या वेळा डीएनएची नक्कल करताना चुका होतातच. बहुतेक चुका परजीवीला भोवतात. एखादी मात्र अशी निघते की औषध असतानाही तो जगतो. मग औषध बाकीच्यांना मारून त्याच्यासाठी मैदान मोकळं करतं. डास त्याला उचलतो आणि पुढच्या माणसाला देतो.

उलट दिशेलाही हेच चालतं, म्हणून मलावीत चमत्कार वाटावा असं घडलं. के७६टी बाळगणं परजीवीला महाग पडतं, कारण बदललेलं प्रथिन त्याचं नेहमीचं काम तितकं नीट करत नाही. क्लोरोक्विन असेपर्यंत हा तोटा परवडतो. ते गेलं की मूळ स्वरूपाचे, मागे दबून राहिलेले परजीवी पुन्हा वरचढ होतात. मलावीत ७६ वी जागा उलट फिरून पूर्ववत झाली नव्हती. तिथे परतलेल्या मूळ परजीवींमध्ये भरपूर वैविध्य होतं, म्हणजे ते जुन्या वाचलेल्या वंशांचेच वारस होते.

भारतात मात्र असं झालं नाही. आपल्याकडे क्लोरोक्विनला न जुमानणारा फॅल्सिपेरम पहिल्यांदा १९७३ साली आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये नोंदला गेला. पुढे फॅल्सिपेरमसाठी क्लोरोक्विन टप्प्याटप्प्याने बंद झालं, तरी ते देशातून गेलं नाही. मलेरियाचा दुसरा मोठा परजीवी, व्हायवॅक्स, याच्यावर आजही तेच पहिलं औषध आहे. दोन्ही परजीवी एकाच वस्तीत फिरत असल्याने फॅल्सिपेरमवरचा दबाव पुरता सुटत नाही. भारतात सापडणारं बदललेलं रूप परजीवीला आफ्रिकेतल्या रूपाइतकं महागही पडत नसावं. त्यामुळे के७६टी आपल्याकडे टिकून आहे, आणि मलावीचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू करता येत नाही.

आता ही खूण शोधतात कशी ते पाहू. हिवताप कर्मचारी किंवा आशाताई तापाच्या रुग्णाच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतात हे गावोगावी माहीत आहे. त्याच वेळी आणखी दोन-तीन थेंब गाळण कागदाच्या तुकड्यावर घेतले की काम होतं. कागद सावलीत वाळवायचा, ओल शोषणाऱ्या पुडीसह छोट्या प्लास्टिक पिशवीत बंद करायचा आणि त्यावर नोंद करायची. बर्फ लागत नाही, फ्रिज लागत नाही. जंगलातल्या उपकेंद्रातून शहरातल्या प्रयोगशाळेपर्यंत तो साध्या पाकिटातून जाऊ शकतो. मला या सगळ्या विज्ञानातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मलेरिया जिथे जास्त आहे तिथे वीज आणि रस्ते कमी असतात, आणि तिथूनच नमुने आले नाहीत तर बाकीच्या महागड्या यंत्रांचा उपयोग काय?

प्रयोगशाळेत त्या वाळलेल्या डागातून डीएनए काढतात. त्यात बहुतांश डीएनए माणसाचा असतो, परजीवीचा अगदी थोडा. परजीवीचा जनुकसंच साधारण २ कोटी ३० लाख अक्षरांचा आणि १४ गुणसूत्रांत वाटलेला. त्याचं पहिलं पूर्ण वाचन २००२ साली झालं. दर वेळी एवढं सगळं वाचायची गरज नसते. पीसीआरने फक्त हव्या त्या तुकड्यांच्या असंख्य प्रती काढतात आणि त्याच अक्षर-अक्षर वाचतात. आता एका फेरीत शेकडो नमुन्यांतली डझनभर जनुकं एकत्र वाचता येतात. तळहाताएवढी यंत्रंही आली आहेत. घानामध्ये अशा यंत्रांवर तिथल्याच प्रयोगशाळांत हे वाचन करून दाखवलं गेलं आहे.

वाचताना एक गोष्ट फार सोयीची पडते. माणसाच्या रक्तात असताना परजीवीकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, आपल्यासारख्या दोन नसतात. त्यामुळे ७६ व्या जागी एकाच वेळी दोन वेगळी अक्षरं दिसली, तर त्याचा अर्थ रुग्णाच्या अंगात किमान दोन प्रकारचे परजीवी आहेत. आफ्रिकेच्या दाट मलेरियाच्या भागांत हे नेहमीचं आहे. मग टक्केवारी काढताना अशा मिश्र नमुन्यांची गणती कशी करायची हे आधी ठरवावं लागतं. दोन अहवालांतले आकडे जुळत नाहीत तेव्हा पुष्कळदा कारण एवढंच असतं.

खुणेच्या शेजारची अक्षरंही बोलकी असतात. एखादा बदल वेगाने पसरतो तेव्हा गुणसूत्रावर त्याच्या डाव्या-उजव्या बाजूचा मजकूरही त्याच्याबरोबर ओढला जातो. दोन देशांतल्या परजीवींमध्ये खूणही तीच आणि शेजारचा मजकूरही तोच असेल, तर दोघांचा उगम एक. अशा तपासणीतून कळलं की आफ्रिकेत क्लोरोक्विनला निकामी करणारा वंश तिथे जन्मलाच नव्हता. तो आग्नेय आशियातून आला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीला थायलंड-कंबोडिया सीमेवर तो दिसला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीला पूर्व आफ्रिकेत पोचला. त्यानंतरच्या वर्षांत आफ्रिकेत मलेरियाने किती मुलं गेली, हे आठवलं की नुसता मागोवा घेण्याचं मोल कळतं. त्या काळी कुणाला हा वंश वाटेत ओळखता आला नाही, कारण ओळखायची खूणच माहीत नव्हती.

क्लोरोक्विन गेलं, बऱ्याच ठिकाणी एसपीही गेलं. एसपीच्या बाबतीत डीएचएफआर आणि डीएचपीएस या दोन जनुकांत एकेक बदल पायरी-पायरीने साचत जातो आणि प्रत्येक पायरीला औषध थोडं आणखी कमजोर होतं. मग आर्टेमिसिनिन आलं. चीनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या एका लष्करी प्रकल्पात तू यूयू यांनी दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीपासून ते मिळवलं. त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. हे औषध परजीवींची संख्या फार झपाट्याने खाली आणतं, पण रक्तात काही तासच टिकतं. म्हणून ते एकटं देत नाहीत. जास्त दिवस टिकणारं दुसरं औषध सोबत देतात, म्हणजे उरलेसुरले परजीवी ते संपवेल. एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्या विकू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्येच बजावलं, आणि भारतातही अशा गोळ्यांवर बंदी आहे.

तरीही २००८-०९ मध्ये पश्चिम कंबोडियातून वाईट बातमी आली. पाइलिन आणि आसपास आर्टेमिसिनिन दिल्यावर परजीवी रक्तातून जायला नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ लागत होता. रुग्ण बरे होत होते, पण संथपणे. हे कळायला दर काही तासांनी रक्त काढून सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी मोजावे लागत. जिल्ह्याजिल्ह्यात हे शक्य नव्हतं. खूण हवी होती.

ती मिळाली त्यामागे मोठा धीर आहे. संशोधकांनी टांझानियातला एक परजीवी प्रयोगशाळेत वाढवला आणि त्याला पाच वर्षं पुन्हा पुन्हा आर्टेमिसिनिनचा मारा दिला. त्याचाच एक जुळा वंश औषधाविना वाढत ठेवला. शेवटी दोघांचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा १३ व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बदल दिसला. त्याला के१३ म्हणतात. मग कंबोडियाच्या रुग्णांचे नमुने तपासले, तर तिथेही याच जनुकात बदल होते. त्यांतला सर्वांत जास्त पसरलेला सी५८०वाय. हे २०१४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालं. पुढे प्रयोगशाळेत परजीवीच्या डीएनएत फक्त तेवढा बदल मुद्दाम करून पाहिलं, आणि तो परजीवीही औषधाच्या माऱ्यातून वाचायला लागला. संशयाला जागा उरली नाही.

के१३ चं काम पुढे उलगडलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. परजीवी कोवळ्या, अंगठीसारख्या अवस्थेत हिमोग्लोबिन आत ओढतो, त्या प्रक्रियेत के१३ चा हात असतो. बदललेल्या के१३ मुळे तो या अवस्थेत कमी खातो. आर्टेमिसिनिनला जागं करायला हीम लागतं. खाणंच कमी झालं तर हीम कमी, आणि औषध अर्धवट झोपलेलं राहतं. म्हणजे परजीवी थोडा उपाशी राहून औषधाची वेळ मारून नेतो.

के१३ मधला प्रत्येक बदल धोक्याचा नसतो, हे इथेच सांगायला हवं. ए५७८एस हा बदल आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी सापडतो आणि आर्टेमिसिनिनवर त्याचा काही परिणाम होत नाही. ‘के१३ मध्ये म्युटेशन (जनुकातला बदल) सापडलं’ एवढ्या बातमीवर घाबरून जाण्यात अर्थ नाही, कोणतं म्युटेशन हे विचारलं पाहिजे. रुग्णांत परजीवी हळू जातात आणि प्रयोगशाळेतही ते औषधातून वाचतात, असे दोन्ही पुरावे जमले तरच तो बदल सिद्ध झालेल्या खुणांच्या यादीत जातो.

के१३ ची खरी कसोटी आफ्रिकेत लागली. क्लोरोक्विनच्या अनुभवावरून सगळ्यांची नजर आग्नेय आशियातून येणाऱ्या वाटेवर होती. २०२० मध्ये रवांडातल्या परजीवींत आर५६१एच ही सिद्ध झालेली खूण जाहीर झाली. शेजारचा मजकूर तपासला, तर तो आशियाई निघाला नाही. हा बदल रवांडातच जन्मला होता. पुढे युगांडात दोन वेगळे बदल, एरिट्रियात तिसराच. पहारा एकाच वेशीवर ठेवून भागणार नाही हे त्या दिवसापासून स्पष्ट आहे. आणखी एक गोष्ट मला फार बोचते. रवांडातले ते नमुने २०१४-१५ च्या सुमाराचे होते. खूण तेव्हाच तिथे होती आणि जगाला ती कळायला पाच वर्षं लागली. २०२३ मध्ये जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू, त्यातले बहुतेक आफ्रिकेतल्या लहान मुलांचे. तिथे पाच वर्षांचा उशीर परवडत नाही.

सोबतच्या औषधावर लक्ष ठेवणं तितकंच गरजेचं आहे, किंबहुना जास्त. के१३ बदलला तरी जोडीदार औषध धडधाकट असेल तर रुग्ण बरा होतो. कंबोडियात जोडीदार होतं पिपेराक्विन. त्याच्याविरुद्धची खूण वेगळ्या धाटणीची आहे: अक्षर बदलत नाही, प्लास्मेप्सिन २ आणि ३ या जनुकांच्या प्रतीच वाढतात. म्हणून तिथे वाचून भागत नाही, मोजावं लागतं. दोन्ही खुणा एकाच वंशात आल्या आणि तो वंश कंबोडियातून शेजारच्या देशांत पसरला. कंबोडिया, थायलंड आणि व्हिएतनाममधल्या एका चाचणीत या औषधजोडीने ४२ दिवसांपर्यंत जेमतेम निम्मे रुग्ण बरे राहिले. सुटकेची वाटही खुणांनीच दाखवली. याच परजीवींत मेफ्लोक्विन या दुसऱ्या जोडीदार औषधाला दाद न देण्याची खूण मात्र ओसरली होती, म्हणून कंबोडियाने मेफ्लोक्विनची जोडी परत आणली.

भारताने हे दुखणं सौम्य रूपात अनुभवलं आहे. २०१० पासून फॅल्सिपेरमसाठी आर्टेसुनेट (आर्टेमिसिनिनचंच एक रूप) आणि एसपी ही जोडी देशभर लागू होती. ईशान्येकडच्या राज्यांत डीएचएफआर-डीएचपीएसचे बदल वरच्या पायऱ्यांवर गेलेले दिसले आणि रुग्णांतही अपयश वाढलं. म्हणून २०१३ मध्ये तिथे आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन ही आर्टेमिसिनिन गटातलीच दुसरी जोडी आणली. महाराष्ट्रासह उरलेल्या देशात एसपीची जोडी राहिली. कोलकात्यातल्या २०१३-१४ च्या रुग्णांत के१३ चा आर५३९टी हा सिद्ध बदल सापडल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

महाराष्ट्रात फॅल्सिपेरमचा मुख्य भार गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यावर आहे. पलीकडे बस्तर. तेंदूपत्त्याच्या हंगामात, बाजाराला, लग्नकार्याला माणसं ये-जा करतात आणि परजीवी त्यांच्यासोबत. गोव्यात चित्र वेगळं आहे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये २०१० नंतर एका आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पाने परजीवी गोळा करून वाढवले आणि त्यांची औषधांशी गाठ घालून पाहिली. गोव्याच्या बांधकामांवर पूर्व भारतातले मजूर येतात. त्यामुळे त्या एका दवाखान्यात दूरदूरच्या परजीवींचे नमुने भेटतात. अशा ठिकाणी पहारा ठेवला तर थोड्या नमुन्यांत मोठा प्रदेश दिसतो. म्हणूनच माझ्या मते गडचिरोली आणि गोवा ही दोन्ही ठिकाणं दरवर्षी, न चुकता तपासली गेली पाहिजेत.

रुग्णाच्या हातात काय आहे? तीन दिवसांच्या गोळ्या तीन दिवस घेणं. फॅल्सिपेरममध्ये प्रायमाक्विनचा जो एक डोस देतात तो परजीवीचं डासात जाणारं रूप मारतो. म्हणून डॉक्टरांनी तो दिला असेल तर ताप उतरल्यावरही चुकवायचा नाही. अंगात एखादा बदललेला परजीवी असलाच, तर त्याची पुढची वाट तिथे बंद होऊ शकते.

एक मोठी जागा मात्र अजून रिकामी आहे. मुंबईत आणि देशाच्या बऱ्याच भागांत ज्याचे रुग्ण जास्त असतात त्या व्हायवॅक्ससाठी के७६टीसारखी खात्रीची खूण हाती नाही. क्लोरोक्विनला न जुमानणारा व्हायवॅक्स १९८९ मध्ये पापुआ न्यू गिनीतून नोंदला गेला, पण त्याच्या पीएफसीआरटीसारख्याच जनुकात तसा ठाम पुरावा मिळालेला नाही. हा परजीवी प्रयोगशाळेत फॅल्सिपेरमसारखा दीर्घकाळ वाढवताही येत नाही, त्यामुळे पाच वर्षं औषधाचा मारा देऊन ताडून पाहायची वाट बंद. त्यातून तो यकृतात दडी मारतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी उठतो. मग ताप परत आला तर औषध फसलं, की यकृतातला परजीवी जागा झाला, की डास नव्याने चावला, हे सांगणं कठीण. सध्या तरी व्हायवॅक्सच्या रुग्णाला २८ दिवस पुन्हा पुन्हा बोलावून, बोट टोचून, काचपट्टी पाहणं हाच पहारा आहे. त्यासाठी रुग्णाला परत यायला सांगणारा आणि तो आला नाही तर त्याच्या घरी जाणारा हिवताप कर्मचारी लागतो.